नाट्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी: गावाच्या पदरात काय पडते?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मुलामुलींनी विद्यापीठात जाऊन नाटक शिकावे का, आणि शिकलेच तर त्याचा गावाला काही उपयोग होतो का, हा प्रश्न दरवर्षी निकालाच्या दिवसांत पालक मला विचारतात. तोंडी उत्तर देताना निम्मे राहून जाते, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे. मी खानापूर तालुक्यातील. सीमेपलीकडील एका विद्यापीठातून नाट्यशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता एका माध्यमिक शाळेत शिकवते. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडणार आहे आणि त्या एकाच विभागापुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

मालिकेत किंवा चित्रपटात काम मिळते का, या फूटपट्टीने अभ्यासक्रम मोजणाऱ्यांच्या हाती येथे फारसे काही लागणार नाही. त्यासाठी मुंबई-पुण्यात तग धरण्याची ऐपत लागते, पदवी लागतेच असे नाही. दोन वर्षांनी परतलेली व्यक्ती पूर्वी गावात जे करू शकत नव्हती असे काय आता करू शकते, एवढेच मी पाहते. त्या हिशेबाने या अभ्यासक्रमाला मी पाचापैकी साडेतीन गुण देते, आणि त्यातील निम्म्याहून थोडे कमी गुण दुसऱ्या सत्रातील एकट्या क्षेत्रकार्याचे आहेत.

नाटक आमच्या भागाला नवीन नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कन्नड व्यावसायिक रंगभूमी गाजवणारे आणि कलावैभव नाट्यसंघ चालवणारे शतायुषी एणगी बाळप्पा याच जिल्ह्यातले. श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याच्या खेळांचा विषय निघाला की गोकाक बाजूची जुनी माणसे कौजलगी निंगम्मांचे नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. मराठी गावांत यात्रेला गावकऱ्यांचे नाटक बसते. भाताची मळणी उरकली की शाळेच्या एखाद्या वर्गात तालमी सुरू होतात. पडदे आणि दिवे भाड्याने येतात, रंगभूषाकार शहरातून येतो, आणि स्त्री भूमिकांसाठी बाहेरून कलाकार बोलावल्या जातात, ज्यांची नावे जाहिरातीच्या फलकावर नायकापेक्षा मोठ्या अक्षरांत छापली जातात. गावातील बाई मात्र पटांगणात चटई अंथरून नाटक पाहते. रंगमंचाची पायरी ती चढत नाही.

ही शिदोरी घेऊन आमच्याकडचा विद्यार्थी विभागात दाखल होतो आणि तिला तेथे फारशी किंमत नाही हे त्याला लवकरच कळते. यात्रेतील नाटक ‘हौशी’ या एका शब्दात निकालात निघते. लोकनाट्याच्या तासांत तमाशा, दशावतार आणि भारूड येतात. पारिजात येत नाही, कारण ते कन्नडमध्ये आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा आरंभ केला तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून, हे मात्र परीक्षेत न चुकता लिहावे लागते.

पहिल्या सत्रातील शिकवणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक अभिनय, मग रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, मग जर्मन नाटककार ब्रेख्त, अशा ठरलेल्या वाटेने अभ्यास पुढे जातो. सिद्धांत शिकवणारी मंडळी अभ्यासू होती आणि ग्रंथालय चांगले होते. आवाजाचे तास मला सर्वांत उपयोगी वाटले, कारण उघड्या मैदानात तीन-तीन तास घसा ताणून बोलण्याची सवय लागलेल्या नटांना श्वास पोटातून कसा घ्यावा हे कोणी दाखवलेलेच नसते. आज हेच व्यायाम मी शाळेतील सहकारी शिक्षकांना शिकवते, आणि सत्तर मुलांच्या वर्गात त्यांना त्याचा फायदा होतो.

प्रकाशयोजनेचा विषयही अपेक्षेपेक्षा कामाचा निघाला. हजार वॅटचा एक जुन्या पद्धतीचा दिवा २३० व्होल्टवर साधारण सव्वाचार अँपिअर वीज ओढतो, म्हणजे असे १२ दिवे एका वेळी लावले की पन्नास अँपिअरच्या वर भार जातो, हा साधा गुणाकार आमच्या गावात कोणी केला नव्हता. पहिल्या अंकातच फ्यूज उडणे हा यात्रेतील नाटकाचा जणू नांदीनंतरचा पुढचा प्रवेश मानला जाई. आता आम्ही एलईडी दिवे घेतो आणि भार आधी कागदावर मांडतो. याला समाजकार्य म्हणावे का, असे कोणी विचारेल. पण पेटलेली तार विझवायला अंधारात खांबावर चढणाऱ्या वायरमनला विचारले, तर तो नक्कीच होकार देईल.

ज्यासाठी हा अभ्यासक्रम घ्यावा असे मी म्हणते, तो भाग दुसऱ्या सत्रात येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाचे किंवा क्षेत्रकार्याचे चार श्रेयांक ठेवलेले असतात; आमच्या विभागात त्याचा अर्थ १२० तासांचे काम असा होता. सुदैवाने त्याची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांचा ब्राझीलचे दिग्दर्शक आगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांच्या पद्धतीचा चांगला अभ्यास होता. बोआल यांच्या मंच-नाट्यात (फोरम थिएटर) एक छोटे नाटक आधी सलग दाखवतात, ज्याचा शेवट अन्यायात होतो. नंतर तेच पुन्हा सुरू करतात आणि प्रेक्षकांपैकी कोणीही ते थांबवून पीडित पात्राच्या जागी उभे राहून वेगळे काही करून पाहू शकते. १९८५ मध्ये स्थापन झालेली बंगालमधील जन संस्कृती ही संस्था खेड्यापाड्यांत हे काम करत आली आहे. वर्गात हे ऐकताना मला ते जरा भाबडे वाटले होते. आमच्याकडचा प्रेक्षक नाटक आवडले नाही तर उठून जातो, आवडले तर बक्षीस पुकारतो. मध्येच रंगमंचावर येऊन संवाद बदलण्याची रीत नाही.

आमच्या गटाने क्षेत्रकार्यासाठी खानापूर तालुक्यातील गाव निवडले आणि विषय घेतला सूक्ष्म कर्जाच्या वसुलीचा. हा विषय आमच्याकडे किती पेटलेला होता हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. आमचे नाटुकले पंधरा मिनिटांचे होते. पाच जणींचा फायनान्सचा गट, त्यातील एकीच्या घरी आजारपण, हप्ता थकलेला, वसुलीला आलेला माणूस उंबऱ्यात ठाण मांडून बसलेला, आणि शेवटी तिच्या कानातले गहाण पडलेले.

धारा काढून झाल्यावर समुदाय भवनात बायका जमल्या. पुरुष बाहेर दाराशी उभे होते. पहिला प्रयोग सर्वांनी गप्प राहून पाहिला. दुसऱ्यांदा सुरू करताना, जिथे वेगळे काही करता आले असते असे वाटेल तिथे ‘थांबा’ म्हणा, असे मी सांगितले. कोणी थांबवले नाही. पुन्हा एकदा सुरू केले. या वेळी बाजारात भाजी विकणारी एक मध्यमवयीन बाई पदर खोचून पुढे आली. वसुलीवाल्याचे काम करणाऱ्या आमच्या वर्गमित्राने ठरल्याप्रमाणे आवाज चढवला. तिने त्याच्याशी वाद घातला नाही. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला आणि गटातील उरलेल्या चौघींकडे वळून म्हणाली, “काय गे बायांनो, तो पगारी माणूस, तो बसणारच. तुमी कशाला त्याच्या बाजूनं बसलाय?”

आमच्या संहितेत त्या चौघींना एकही वाक्य नव्हते. पण कर्जाची खरी गाठ तिथेच होती. गटातील प्रत्येक जण दुसरीला जामीन असते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांचे पुढचे कर्ज अडते, म्हणून वसुलीवाल्याच्या आधी शेजारीणच दारात येऊन उभी राहते. त्यानंतर अर्धा-पाऊण तास नाटक बाजूला राहिले आणि भवनात तेवढेच एक बोलणे चालले. एकीने सांगितले की ती बहिणीकडे जाते असे सांगून शेतातल्या खोपीत बसून राहिली होती. दुसरीने, जी बहुधा त्याच गटातील असावी, मान खाली घातली. सूत्रधार म्हणून तिथे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते, पण आमच्या शिक्षकांनी एक गोष्ट सतत बजावली होती: समेट घडवण्याची घाई करू नका, पुढचा प्रश्न विचारा. मी तेवढेच केले. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोन करण्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत मनाई आहे, हे आम्ही त्या चर्चेत सांगितले. आधी भाषण ठोकून सांगितले असते तर कोणाच्या लक्षात राहिले नसते. या वेळी मात्र दाराशी उभ्या असलेल्या एका तरुणाने ते मोबाईलमध्ये टिपून घेतले.

त्या नाटकाने कोणाचे कर्ज माफ झाले नाही. झाले ते इतकेच, की त्या गल्लीतील बैठक रात्रीऐवजी दुपारी अंगणवाडीच्या ओसरीवर होऊ लागली आणि हप्ता देताना पावती मागण्याची पद्धत पडली. दुसरा परिणाम आम्ही योजलेला नव्हता. पुढच्या स्नेहसंमेलनात त्या भाजीवाल्या बाईंनी आणि आणखी दोघींनी मिळून स्वतःचा एक प्रवेश केला, सासूची भूमिकाही गावातल्याच बाईने केली, आणि त्यावर कोणी नाक मुरडले नाही. बाहेरून कलाकार बोलावण्याची यात्रेतील प्रथा त्यामुळे लगेच बंद झालेली नाही, होईल असेही नाही. त्या कलाकारांचेही पोट त्यावर आहे.

आता तक्रारी. सर्वांत मोठी ही, की १२० तास भरले की विभागाच्या दृष्टीने गाव संपते. अहवाल, छायाचित्रे आणि उपस्थितीचे तक्ते सादर झाले की गुण मिळतात. बहिस्थ परीक्षकांनी आमच्या नाटुकल्याच्या रचनेवर आणि वेशभूषेवर बारकाईने प्रश्न विचारले. गावातल्या बायकांना काय वाटले, हे गुणपत्रिकेच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना दुसरे गाव दिले गेले, कारण नवे गाव म्हणजे नवा अहवाल. ज्या बाईने आपली अडचण चार माणसांत उघडी केली तिच्या गावी वर्षभरात कोणी फिरकू नये, याला मी कामातील गंभीर दोष मानते. तो दूर करायला पैसा लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते.

दुसरी तक्रार भाषेची. आमच्या भागात बायकांचे बोलणे मराठीत, पण तक्रार द्यायची ती पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे), म्हणजे कन्नडमध्ये. आमच्या नाटुकल्यातील अर्ज लिहिण्याचा प्रवेश गावातील हायस्कूलच्या कन्नड शिक्षकांनी बसवून दिला आणि तोच सर्वांत जिवंत झाला, कारण अर्ज लिहिताना होणारी फजिती तिथे बसलेल्या प्रत्येकीच्या ओळखीची होती. विभागाने मात्र संहिता केवळ मराठीत सादर करण्याचा आग्रह धरला, त्यामुळे अहवालात तो प्रवेश भाषांतर करून द्यावा लागला. सीमाभागातील विद्यार्थी घेणाऱ्या विभागाने निदान एक तरी दोन भाषांतील प्रयोग करून घ्यायला हवा. मराठी अभिमानाला त्याने धक्का लागत नाही.

तिसरी तक्रार व्यवहाराची आहे. परवानग्या कशा काढायच्या, वर्गणीचा हिशेब कसा ठेवायचा, ध्वनिक्षेपकाचा अर्ज कोणाकडे करायचा, यातले काही शिकवले जात नाही. नियमानुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि आमच्याकडे यात्रेतील नाटकाचा नारळच रात्री दहाच्या सुमारास वाढवला जातो; हा पेच सोडवणे दिग्दर्शकाच्याच गळ्यात पडते. शिवाय प्रयोगांचा बराच खर्च विद्यार्थ्यांच्या खिशातून जातो. प्रवेशाच्या वेळी सांगितलेल्या शुल्कात कपडेपट, वाहतूक आणि नेपथ्याचे लाकूड धरलेले नसते, आणि अंतिम सत्रात हा आकडा घरच्यांना जड जाऊ शकतो. वसतिगृह साधे पण स्वच्छ होते. तालमी रात्री उशिरा संपत आणि फाटक वेळेवर बंद होई, त्यामुळे मुलींना दरवेळी परवानगीचे पत्र घेऊन फिरावे लागे. मुलांना कोणी पत्र विचारल्याचे मला आठवत नाही.

इतर पर्यायही विचारात घ्यावेत. ज्यांचे कन्नड पक्के आहे त्यांनी शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडूच्या नीनासमकडे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९४९ साली एका खेड्यात सुरू झालेली ही संस्था आजही त्याच खेड्यात आहे, तिचे संस्थापक के. व्ही. सुब्बण्णा यांना याच कामासाठी १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथील नाट्यशिक्षण १९८० पासून चालू आहे आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ नावाचे त्यांचे फिरते नाट्यपथक कर्नाटकभर प्रयोग करते. गावात राहून नाटक शिकणे आणि गावासाठी नाटक शिकणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. मराठीतूनच आणि गायन-नृत्याच्या सहवासात शिकायचे असेल, तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने चालते आणि त्याचा नावलौकिक वाजवी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे प्रशिक्षण दर्जेदार आहे, परंतु तेथे निवड होणारे मोजकेच, आणि तेथून गावी परतणारे त्याहून मोजके.

हा अभ्यासक्रम कोणी घ्यावा, हेही सांगते. शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, बचत गटांबरोबर काम करणारे कार्यकर्ते किंवा गावच्या नाट्यमंडळात आधीपासून राबलेले तरुण यांना तो लाभेल, कारण शिकलेले लावून पाहायला त्यांच्याकडे माणसे आणि जागा असतात. बारावीनंतर कोणत्याही शाखेची पदवी घेऊन, केवळ दुसरे काही सुचत नाही म्हणून येणाऱ्याला मी हा मार्ग सुचवणार नाही. पदवीच्या बळावर नोकरी मिळण्याची शक्यता कमी आहे, कारण शाळांत नाटक हा विषय नावापुरताच असतो; मलाही नोकरी मिळाली ती आधीच्या बी. एड. मुळे. प्रवेशापूर्वी विभागात एक फेरी मारावी आणि गेल्या वर्षीचे क्षेत्रकार्य कोणत्या गावात झाले, तेथे विभागातून नंतर कोणी गेले का, हे थेट विचारावे. उत्तर देताना विभागप्रमुख अहवालाचे कपाट उघडू लागले तर सावध व्हावे.

कागदपत्रांबाबत सीमाभागातील विद्यार्थ्यांनी विशेष दक्षता घ्यावी. महाराष्ट्रात कर्नाटक सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांसाठी शिक्षणाच्या काही सवलती आहेत, परंतु प्रत्येक विद्यापीठात त्यांचे स्वरूप सारखे नसते. आपल्या गावाचे नाव यादीत आहे का आणि सवलत कोणत्या शुल्कावर लागू होते, हे लेखी घ्यावे. कर्नाटकातील जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रातील राखीव जागा साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे खर्चाचा अंदाज खुल्या वर्गाचे शुल्क धरूनच बांधावा. राणी चन्नम्मा विद्यापीठाची किंवा कर्नाटकातील अन्य विद्यापीठाची पदवी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रासाठी निकाल लागताच अर्ज करावा, कारण ते हातात आल्याशिवाय पात्रतेचे काम पुढे सरकत नाही आणि तोपर्यंतचा प्रवेश तात्पुरताच धरला जातो. गुणपत्रिका कन्नडमध्ये असल्यास तिची प्रमाणित भाषांतरित प्रत बेळगावातूनच करून न्यावी. तेथे गेल्यावर कन्नड वाचणारा अधिकृत भाषांतरकार शोधण्यात पहिल्या सत्राचे निम्मे दिवस जातात.